रोलर कोस्टर बंद का पडतो, आणि तो पुन्हा सुरू व्हायला इतका वेळ का लागतो

तासभर रांगेत उभे राहून अखेर आपला नंबर लागण्याच्या बेतात असताना 'तांत्रिक कारणामुळे राईड तात्पुरती थांबवण्यात आली आहे' अशी घोषणा होते, आणि रांगेतली माणसे लगेच दोनपैकी एका निष्कर्षावर येतात: आत काहीतरी मोडले असावे, नाहीतर पार्कवाल्यांचे देखभालीकडे लक्ष नसावे. बहुतेक वेळा यातले एकही खरे नसते. रोलर कोस्टर थांबतो तो बहुधा त्याच्या नियंत्रण यंत्रणेला एखाद्या साध्या प्रश्नाचे खात्रीशीर उत्तर मिळाले नाही म्हणून. पुढची गाडी नेमकी कुठे आहे? सगळ्या आसनांचे दांडे लागले आहेत का? ब्रेकच्या नळ्यांमध्ये हवेचा दाब पुरेसा आहे का? उत्तर ठाम 'हो' असेल तरच गाडी पुढे जाते; 'नाही' आले किंवा उत्तरच आले नाही, तर सगळे जागच्या जागी थांबते.

अशी रचना का करावी लागली, हे कळण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. साखळीने उंचावर ओढून नेलेली गाडी एकदा उतारावर सुटली की तिला कोणीही चालवत नसते. तिच्यात इंजिन नसते, चालक नसतो, आणि बहुतेक आधुनिक राईडमध्ये ब्रेकसुद्धा गाडीवर नसून रुळांच्या मध्ये बसवलेले असतात. गुरुत्वाकर्षण तिला खाली खेचते, त्या वेगावर ती पुढचा चढ चढते, आणि वाटेत तिचे मन वळवायला कोणी नसते. तेव्हा माणसाचे नियंत्रण चालते ते फक्त ठरावीक ठिकाणी: स्थानकात, साखळीच्या चढणीवर आणि मार्गात मधे मधे बसवलेल्या ब्रेकच्या टप्प्यांवर.

एकाच मार्गावर एका वेळी दोन, तीन किंवा पाच गाड्या सोडायच्या असतील तर त्या एकमेकींवर आदळू नयेत याची सोय लागते, आणि ती सोय रेल्वेच्या सिग्नल पद्धतीतून उचललेली आहे. संपूर्ण मार्ग ब्लॉकमध्ये विभागलेला असतो आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी असू शकते. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी गाडीला पूर्ण थांबवता येईल असे काहीतरी असते, म्हणजे ब्रेक किंवा साखळीची चढण. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याची खात्री पटेपर्यंत मागच्या गाडीला तिथेच धरून ठेवले जाते. म्हणूनच तीन गाड्या चालवायच्या असतील तर किमान चार ब्लॉक लागतात. एक ब्लॉक मोकळा नसेल तर कोणतीच गाडी हलू शकत नाही. चढणीच्या मध्यावर गाडी अचानक थांबली की आत बसलेल्यांच्या पोटात गोळा येतो, पण त्या क्षणी यंत्रणा आपले नेमून दिलेले काम करत असते. पुढच्या ब्लॉकचे उत्तर येईपर्यंत साखळी थांबवायची, एवढेच ते काम.

थांबलेली गाडी मागे घसरत का नाही, याचे उत्तर चढणीवर ऐकू येणाऱ्या 'टक्‌-टक्‌-टक्‌' आवाजात आहे. गाडीखालचा एक लोखंडी खटका रुळांमधल्या दातेरी पट्टीच्या एकेका दातावरून पुढे सरकत असतो. साखळी तुटली तरी तो शेवटच्या दातात अडकतो आणि गाडी जागीच राहते. ब्रेकचे तत्त्वही तसेच आहे. मोटारीचा ब्रेक दाबल्यावर लागतो. रोलर कोस्टरच्या घर्षणाच्या ब्रेकची मूळ अवस्था 'लागलेला' ही असते आणि तो उघडण्यासाठी दाबाखालची हवा वापरावी लागते. हवा गळाली, वीज गेली किंवा वायर तुटली, की ब्रेक आपोआप आवळला जातो. अलीकडच्या राईडमध्ये चुंबकीय ब्रेक असतात. त्यांत तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी कायमस्वरूपी चुंबकांच्या रांगेतून जाते, तेव्हा धातूत भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि ते गतीला विरोध करतात. यासाठी विजेची गरजच नसते. मात्र वेग जसा कमी होईल तसा हा विरोधही कमी होतो, त्यामुळे चुंबक गाडीला मंद करू शकतो, पण पूर्ण थांबवून धरू शकत नाही. त्या शेवटच्या कामासाठी घर्षणाचा ब्रेक किंवा फिरती रबरी चाके लागतातच.

आता मुख्य प्रश्न असा की, गाडी कुठे आहे हे यंत्रणेला कळते कसे? रुळालगत ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात. गाडीखालची धातूची पट्टी सेन्सरसमोरून काही मिलिमीटर अंतरावरून जाते आणि 'गाडी गेली' असा इशारा मिळतो. एका सेन्सरवर भरवसा ठेवत नाहीत, म्हणून महत्त्वाच्या जागी ते जोडीने असतात. त्यांचे इशारे पीएलसी नावाच्या औद्योगिक संगणकाकडे जातात आणि अनेक राईडमध्ये असे दोन संगणक तेच गणित स्वतंत्रपणे करून एकमेकांची उत्तरे पडताळत राहतात. दोघांचे जमले नाही तर कोण बरोबर याची चर्चा होत नाही, राईड थांबते.

समजा, सततच्या हादऱ्यांनी एका सेन्सरचा कंस जरासा सैल झाला आणि पट्टीपासूनचे अंतर वाढले. गाडी त्याच्यासमोरून गेली, पण त्याला ती दिसली नाही. जोडीदाराला मात्र दिसली. संगणकाच्या दृष्टीने गाडी एकाच वेळी तिथे आहेही आणि नाहीही. अशा वेळी त्याच्याकडे एकच शहाणपणाचा मार्ग उरतो. रांगेतल्या माणसाला जो 'मोठा बिघाड' वाटतो तो पुष्कळदा इतकाच असतो.

उन्हाळ्यात तर पोलादच हालते. शंभर मीटर लांबीचे पोलाद तापमान एक अंशाने वाढले की सुमारे १.२ मिलिमीटरने लांबते, म्हणजे पहाटे आणि भर दुपारी यांत वीस अंशांचा फरक असेल तर तेवढ्या लांबीत अडीच सेंटिमीटरच्या आसपास वाढ होते. रचनाकार ही वाढ सामावून घेण्याची तजवीज करतात, पण सेन्सरचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचे असल्यामुळे रोज दुपारी ठरावीक वेळीच एकच दोष उमटू लागला, तर अनुभवी तंत्रज्ञ आधी सूर्याकडे पाहतो आणि मग वायरिंगकडे.

दोष दोन मिनिटांत सापडला तरी राईड सुरू व्हायला पाऊण तास का लागतो, ही तक्रार रास्त आहे आणि तिचे उत्तरही तितकेच सरळ आहे. चढणीवर अडकलेल्यांना आधी शेजारच्या जिन्यावरून एकेक करून खाली आणावे लागते. त्यानंतर तंत्रज्ञाला मार्गावर जायचे असेल तर मुख्य वीजपुरवठा बंद करून त्याच्या स्विचवर कुलूप घालतात, आणि हे कुलूप प्रत्येकाचे स्वतःचे असते. चार जण आत जाणार असतील तर चार कुलपे लागतात आणि चार किल्ल्या चार खिशांत असतात. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपले कुलूप काढेपर्यंत, व्यवस्थापकाने कितीही घाई केली तरी, राईड सुरू होऊच शकत नाही. घाईचे मूल्य शून्यावर आणणारी ही साधी युक्ती मला या सगळ्या व्यवसायातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

हवामानामुळे होणारे थांबे यापेक्षा सरळ असतात. वीज चमकू लागली की उंच पोलादी सांगाड्यावर कोणी थांबू नये, हे उघड आहे. वाऱ्यासाठी निर्मात्याने मर्यादा ठरवून दिलेली असते आणि सांगाड्याच्या माथ्यावरचा वायुवेगमापक ती ओलांडली गेल्याचे सांगतो. थंडीचा परिणाम मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. गाडीच्या चाकांवर पॉलियुरेथेनचा किंवा नायलॉनचा थर असतो. पॉलियुरेथेन मऊ असल्याने प्रवास सुखाचा होतो, तर नायलॉन कठीण असल्याने गाडी जास्त पळते. थंडीत बेअरिंगमधले ग्रीस घट्ट होते, चाके जड फिरतात आणि गाडीचा वेग घटतो. एखाद्या चढाच्या माथ्यावर पोहोचायला थोडासा वेग कमी पडला की गाडी मागे येते, पुन्हा पुढे जाते आणि झोका थांबावा तशी दोन चढांच्या मधल्या खोलगट भागात स्थिरावते. तिथे साखळीही नसते आणि ब्रेकही नसतो, त्यामुळे तिला बाहेर काढण्यासाठी विंच लावावा लागतो, नाहीतर क्रेन आणून डबे सुटे करावे लागतात. सकाळी पार्क उघडण्यापूर्वी रिकाम्या गाड्या फेऱ्या मारताना दिसतात त्यामागचे एक कारण चाके आणि ग्रीस गरम करणे हेही असते.

पार्क उघडण्याआधीच्या त्या दोन-चार तासांतच देखभालीचे खरे काम चालते. तंत्रज्ञ हातात यादी घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरतो आणि एकेक चाक हाताने फिरवून पाहतो. थर सोलला आहे का, बेअरिंग खरखरते का, चाक आडवे हलते का, हे बघतो. प्रत्येक ठिकाणी चाकांचे तीन प्रकार असतात: रुळावरून धावणारी, बाजूने टेकणारी आणि रुळाच्या खालून धरून ठेवणारी. शेवटच्या प्रकाराचे पेटंट अमेरिकन रचनाकार जॉन मिलर यांना १९१९ साली मिळाले, आणि गाडी रुळावरून वर उचलली जाण्याची भीती संपल्यामुळे तिथून पुढे उतार तीव्र होऊ लागले. पेनसिल्व्हेनियात १९०२ पासून उभा असलेला 'लीप द डिप्स' हा जगातला सर्वांत जुना शिल्लक रोलर कोस्टर. त्याला अशी चाके नाहीत आणि म्हणून त्याचे चढउतारही सौम्य आहेत.

नटबोल्टांची तपासणी कशी होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. हजारो बोल्ट रोज पान्याने आवळून पाहणे शक्य नाही. म्हणून बोल्ट ठरलेल्या जोराने एकदा आवळला की त्याच्या डोक्यापासून खालच्या पोलादापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढतात. बोल्ट अगदी थोडासा फिरला तरी ती रेघ तुटलेली दिसते. टॉर्चच्या उजेडात शेकडो रेघांवरून नजर फिरवत जाणाऱ्या माणसाला आकडे वाचायचे नसतात. त्याला फक्त वाकडी रेघ शोधायची असते.

लाकडी रोलर कोस्टरचे तंत्र वेगळे आहे. त्यांचा रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांचे सात-आठ थर आणि वर पोलादाची पट्टी. लाकूड ओलाव्याने फुगते, उन्हाने आक्रसते, आणि गाडीच्या प्रत्येक फेरीगणिक खिळे थोडे थोडे वर येतात. म्हणून रोज सकाळी माणसे हातोडा घेऊन संपूर्ण मार्ग चालून जातात, वर आलेला खिळा ठोकतात आणि कुजलेल्या फळीवर खूण करून ठेवतात. बंद हंगामात मार्गाचा एखादा भाग पूर्ण उखडून नव्याने घालतात, आणि असे करता करता काही वर्षांत जुन्या रोलर कोस्टरमधले मूळ लाकूड फारच थोडे उरते. तो 'जुना' म्हणावा का, हा वाद हौशी मंडळींनी खुशाल घालावा. देखभाल करणाऱ्यांना त्यासाठी सवड नसते.

डोळ्यांना दिसणाऱ्या झिजेपेक्षा न दिसणारा तडा अधिक घातक असतो. पोलाद एका झटक्यात तुटण्यासाठी जेवढा भार लागतो त्याच्या बराच खालचा भारही लाखो वेळा देत राहिले तर एखाद्या कोपऱ्यात, ओरखड्यापाशी किंवा जोडकामाच्या कडेला केसाएवढा तडा सुरू होतो आणि हळूहळू वाढत जातो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. ५ मे २००७ रोजी जपानमधल्या ओसाकाजवळच्या एक्स्पोलँड पार्कमध्ये धावत्या रोलर कोस्टरच्या एका डब्याचा ॲक्सल तुटला, एका तरुणीचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. तो ॲक्सल राईड १९९२ मध्ये सुरू झाल्यापासून बदललेलाच नव्हता, आणि वार्षिक तपासणीही पुढे ढकललेली होती, हे नंतर उघड झाले. पुढे ते पार्क कायमचे बंद झाले.

असा तडा शोधण्यासाठी बंद हंगामात गाड्या शेडमध्ये नेऊन शेवटच्या बोल्टपर्यंत सुट्या करतात. ॲक्सलवरचा रंग आणि ग्रीस काढून तो लख्ख करतात, त्याला चुंबकत्व देतात आणि लोखंडाचे चमकणारे सूक्ष्म कण मिसळलेला द्रव त्याच्यावर ओततात. मग दिवे घालवून अतिनील प्रकाश टाकतात. धातू अखंड असेल तर कण वाहून जातात. तडा असेल तर तिथे चुंबकरेषा बाहेर फाकतात, कण त्या जागी गोळा होतात आणि अंधारात एक बारीक हिरवी रेघ उजळते. आतल्या खोल दोषांसाठी ध्वनिलहरींची चाचणी असते. वर्षभर चालणाऱ्या पार्कांना असा बंद हंगाम मिळत नाही, म्हणून ते गाड्या आळीपाळीने शेडमध्ये पाठवतात. तीन गाड्यांच्या राईडवर एखाद्या दिवशी दोनच धावत असतील तर रांग लांबते, पण तिसरी गाडी त्या वेळी बहुधा अशाच एखाद्या टेबलावर तुकड्यांत पडलेली असते.

तपासणीच्या याद्या कितीही मोठ्या असल्या तरी त्यांतून काही सुटू शकते. जून २०२३ च्या अखेरीस अमेरिकेतील कॅरोविंड्स पार्कमध्ये 'फ्यूरी ३२५' या ३२५ फूट उंचीच्या राईडच्या एका पोलादी खांबाला आरपार तडा गेलेला एका पाहुण्याला दिसला. गाडी वरून गेली की खांबाचे वरचे टोक सरकत होते, आणि ते त्याने चित्रित करून पार्कला कळवले. राईड ताबडतोब बंद झाली, खांब बदलला गेला आणि ऑगस्टमध्ये ती पुन्हा सुरू झाली. इथे गाडी, सेन्सर, ब्रेक सगळे ठीक होते. ज्या खांबावर सेन्सरच नव्हता त्याच्याबद्दल संगणक काय बोलणार? यंत्रणा फक्त तिला विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देते.

काही राईड मुळातच जास्त बंद राहतात आणि त्याचे कारण निष्काळजीपणा नसून महत्त्वाकांक्षा असते. न्यू जर्सीतील 'किंगडा का' २००५ साली सुरू झाला. तो १३९ मीटर उंच होता आणि साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर वेग गाठायचा. गाडीला हायड्रॉलिक यंत्राने तारेच्या दोराने ओढले जाई. क्वचित एखादे वेळी गाडीला माथ्यापर्यंत पोहोचण्याएवढा जोर मिळत नसे आणि ती मागे घसरत येई, म्हणून तिला झेलण्यासाठी सुरुवातीच्या मार्गावर ब्रेकच्या पट्ट्या मागाहून वर येण्याची सोय होती. हजारो भाग एवढ्या ताणाखाली रोज वापरायचे म्हणजे दोर, पुली, झडपा यांची सततची बदलाबदल आलीच. २०२४ च्या अखेरीस ही राईड बंद करण्यात आली आणि पुढच्या वर्षी पाडण्यात आली. ओहायोतला 'टॉप थ्रिल २' मे २०२४ मध्ये उघडला आणि गाड्यांच्या चाकांच्या दोषामुळे काही दिवसांतच बंद होऊन तो संपूर्ण हंगाम तसाच राहिला. विक्रमाची जाहिरात एकदा होते, पण त्याची देखभाल रोज करावी लागते.

आता या विषयातल्या सर्वांत नाजूक भागाकडे येऊ. चुकीचे थांबे, म्हणजे काहीच बिघडलेले नसताना मळलेल्या सेन्सरने किंवा सैल कंसाने राईड थांबवणे, वरवर निरुपद्रवी वाटतात. राईड थांबली म्हणजे ती सुरक्षितच आहे, मग बिघडले कुठे? बिघडते ते माणसाच्या मनात. यंत्रणेने दिवसातून दहा वेळा 'लांडगा आला रे' म्हटले की अकराव्या वेळी तंत्रज्ञ ते खरे मानत नाही. सेन्सर पुसणे हे म्हणूनच रांग कमी करण्याचे काम आहे तितकेच सुरक्षेचेही आहे.

इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्सच्या 'स्मायलर' राईडवर २ जून २०१५ रोजी जे घडले ते इथे सांगितलेच पाहिजे. त्या दिवशी मार्गावर पाचवी गाडी वाढवण्यात आली होती. चाचणीसाठी सोडलेली एक रिकामी गाडी वेग कमी पडून मार्गाच्या खोलगट भागात अडकली. यंत्रणेने ते ओळखले आणि सोळा जणांना घेऊन निघालेली मागची गाडी चढणीवर थांबवली. अभियंत्यांना मात्र पुढे गाडी अडकल्याचे माहीत नव्हते; संगणकाचा इशारा चुकीचा आहे असे समजून त्यांनी तो बाजूला सारला आणि गाडी पुढे सोडली. ती थेट रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना पाय गमवावा लागला, आणखी काही जण गंभीर जखमी झाले आणि सगळ्यांना खाली उतरवायला चार तासांहून अधिक वेळ लागला. चालक कंपनीला २०१६ मध्ये पन्नास लाख पौंडांचा दंड झाला. खटल्यात बोट ठेवले गेले ते मुख्यतः कामाच्या पद्धतीवर: अशा वेळी कोणी काय तपासायचे, कोणी कोणाला सांगायचे आणि इशारा बाजूला सारण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, याची पक्की व्यवस्था नव्हती. रूळ, गाडी आणि संगणक यांनी त्या दिवशी आपापले काम चोख केले होते.

म्हणून इशारा बाजूला सारण्यापूर्वी सर्वांत आधी करायची गोष्ट कोणत्याही संगणकावर होत नाही. कोणीतरी उभे राहून गाड्या मोजायच्या: स्थानकात किती, शेडमध्ये किती, ब्रेकवर किती. बेरीज राईडच्या एकूण गाड्यांइतकी झाली नाही तर उरलेली गाडी कुठे आहे हे डोळ्यांनी पाहून येईपर्यंत कोणीही बटणाला हात लावायचा नाही. मोजणी जुळली, कुलपे निघाली, की एक रिकामी गाडी सोडतात आणि ती प्रत्येक ब्लॉक ओलांडताना इशारे नीट उमटतात का ते पाहतात. मग दुसरी फेरी होते. रांगेतल्या माणसांना आपल्या डोळ्यांदेखत रिकाम्या जागा फिरून येताना दिसतात आणि कुरकूर सुरू होते. तंत्रज्ञ नोंदवहीत वेळ लिहितो, सही करतो, चालक ती वाचून खाली आपली सही करतो, आणि त्यानंतर फाटक उघडते.